डाव्या हाताची मेथी

वेणूमावशीच्या लेखी जगात माणसं दोनच तऱ्हेची होती. शेपू खाणारी आणि शेपू न खाणारी.

"ज्या घरी शेपू खात नाई, त्या घरी पोरगी देऊ नये," असं ती म्हणायची. नुसतं म्हणायची नाही. तिच्या भाचीला पाहायला रिसोडहून मंडळी आली, तेव्हा पोहे-चहाचा बेत बाजूला सारून तिनं त्यांना जेवायलाच बसवलं. ज्वारीची भाकर, मुगाची डाळ घातलेली शेपूची भाजी आणि लाल तिखटाचा गोळा. मुलाची आई ताटाकडे पाहतच राहिली. मुलगा मात्र खाली मान घालून जेवला, आणि मावशीनं "आनखी वाढू का?" विचारल्यावर ‘हो’ म्हणाला. लग्न ठरलं, झालं. पुढच्या दिवाळीला भाची आली ती हसतच. म्हणाली, "मावशी, त्याईले शेपूचा वासही चालत नाई व. त्या दिवशी डोळे मिटून गिळली म्हन्ते."

मावशीनं क्षणभर विचार केला. "मंग तर लयच चांगला पोरगा हाये," ती म्हणाली.

मी शिरपूर जैनला शाळेत शिकवत होते. नवरा अकोल्याला नोकरीत, शनिवारी यायचा. जैन मंदिराच्या मागच्या अंगाला एका गल्लीत दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. शेजारचं घर वेणूमावशीचं. टेंपोतून माझं सामान उतरत होतं तेव्हा ती आली. साठीच्या आतबाहेरची, बुटकी, काळीसावळी, नऊवारीचा काष्टा घट्ट आवळलेला. माझं नाव, गाव, जात-पात, पगार यांतलं काहीच तिनं विचारलं नाही. घरातून आरपार चालत सरळ मागच्या दारी गेली आणि तिथल्या मोकळ्या जमिनीत पायाचा अंगठा खुपसून पाहिला.

"मॅडम," ती म्हणाली, "ही जमीन काहून उपाशी ठेवली?"

"मी आजच आले हो," मी म्हटलं.

"मंग उद्या पाहू," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेतून परतले तर मागच्या दारी खुरपून, शेणखत घालून, वरची ढेकळं हातानं चुरून एक वाफा तयार होता. मला विचारायची तिला गरज वाटली नव्हती. जमीन कोणाचीही असो, तिची भूक मावशीला दिसायची.

तिच्या स्वतःच्या घरामागची जागा दोन लुगडी वाळत घालता येतील एवढीच होती. पण त्या एवढ्याशा काळ्या मातीत मेथी, शेपू, चुका, तांदुळजा, कोथिंबीर, मुळ्याचा पाला असं काही ना काही वर्षभर हिरवं असायचं. तिला शेतही होतं, ते बटईनं, पिकाच्या वाट्यावर, कसायला दिलेलं. तिथल्या सोयाबीनची ती फारशी चौकशी करत नसे. "त्याले पाहाले लय लोक हायेत," म्हणायची. तिचा जीव पालेभाजीच्या बियात, तोही पेरताना.

पेरणं हे तिचं एक पाहण्यासारखं काम होतं. तांदुळज्याचं बी म्हणजे काळ्या चमकत्या ठिपक्यासारखं. चिमटीत किती आलं हे डोळ्याला कळत नाही. ते ती पितळी वाटीत चाळलेल्या राखेत कालवायची. चपला काढायची. वाफ्याच्या टोकाला उभी राहून अंगठा आणि दोन बोटं यांनी चिमूट उचलायची, आणि मनगट असं हलवायची की हातातून काही सुटलं असं वाटूच नये. एकेक पाऊल मागं घेत जायची, म्हणजे पेरलेल्यावर पाय पडत नाही. मग हाताच्या पंज्यानं माती नुसती थोपटायची, निजलेल्या लेकराला थोपटावं तशी, आणि निंबाच्या डहाळीवर पाणी ओतून ते खाली गळू द्यायची. थेट ओतलं तर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं.

"बी मुठीत धरू नाई," ती सांगायची. "बोटात धरावं. मुठीत धरलं का त्याले वाट्टे, आपल्याले कोंडलं."

वऱ्हाडातल्या पुष्कळ बायकांसारखी ती स्वतःबद्दल बोलताना ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलायची. "मी पेरतो, मॅडम, तुमी नुसतं पाह्यत राहा," म्हणायची, आणि माझ्या हातात कधी वाटी द्यायची नाही. माझा हात जड आहे असा तिचा निकाल होता. खडू धरून धरून बोटं आखडली, म्हणायची. 

उगवण झाली की आठवडाभरातच ती विरळणीला बसायची. दाट आलेली कोवळी रोपं मुळासकट उपटायची, बादलीत धुवायची, आणि तशीच कच्ची, वर थोडं तिखट, मीठ आणि कच्चं तेल टाकून भाकरीसोबत खायची. गल्लीतलं जे कोणी त्या वेळी समोरून जाईल त्याला घास मिळायचा. पोस्टमन, दूधवाला, मंदिराचा रस्ता चुकून गल्लीत शिरलेले यात्रेकरू. एकदा गुजरातेतून आलेलं एक वयस्क जोडपं ओट्यावर बसवून तिनं मेथी पुढं केली. बाईंनी हात जोडले. चातुर्मास सुरू होता, आणि त्या दिवसांत ते पालेभाजीला शिवत नाहीत. मावशीला हे माहीत नव्हतं असं नाही. जन्म शिरपुरात गेलेला. गल्लीतली जैन घरं चातुर्मास संपला की पहिल्या मेथीसाठी तिच्याच दारात यायची, आणि त्या हिशेबानं ती वाफा आधीपासून धरायची. पण उन्हातून आलेल्या माणसाला पाहून ती विसरली होती. तिनं जीभ चावली, घरात जाऊन गूळ-पाणी आणलं. जाताना त्या बाईंना म्हणाली, "कार्तिकात या. तुमच्या नावानं एक वाफा ठेवतो." ते लोक काही आले नाहीत. वाफा मात्र तिनं ठेवला होता. कोणी मागितलं तर सांगायची, "थो गुजरातवाल्याईचा हाये," आणि शेवटी त्या मेथीला फुलं आली.

तिचा नवरा एसटीत कंडक्टर होता. मी राहायला गेले त्याच वर्षी तो निवृत्त होऊन घरी बसला. गल्ली त्याला कंडक्टरकाका म्हणायची आणि मावशी ‘कंडक्टरसायब’. उंच, ताठ, खाकी पँट अजूनही घालणारा माणूस. मूलबाळ त्यांना नव्हतं. आयुष्यभर तो दिवस उजाडता गाडीवर जायचा आणि मावशी वाफ्यावर. आता दोघं दिवसभर समोरासमोर आले, तर काय बोलावं हे दोघांनाही सुचेना. तेव्हा कंडक्टरकाकांनी वाफ्यात लक्ष घातलं.

एका सकाळी ते दोन खुंट्या आणि सुतळी घेऊन आले. वाफ्यावर सुतळी ताणली, काडीनं सरळ रेघ ओढली.

"हे काय करून राह्यले?" मावशीनं विचारलं.

"लाईन," काका म्हणाले. "बी असं कुटंबी फेकू नाई. मी जिंदगीभर लोकाईले लाईनीत उभं केलं, बियाचं काय अवघड हाये?"

"तुमच्या गाडीत कोनी लाईनीत चढत होतं का कधी?"

मी भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होते, मला हसू आवरेना. काकांनी माझ्याकडे पाहून न ऐकल्यासारखं केलं. शेवटी वाफ्याच्या मधोमध विटा मांडून वाटणी झाली. अर्धा लाईनीचा, अर्धा फेकीचा. काकांची मेथी रेघेत खोल गेली आणि बरेच दिवस वरच आली नाही. मावशीची हिरवीगार. ती रोज सकाळी विटेपाशी उभी राहून काकांच्या बाजूकडे पाहायची. पण त्याच लाईनीत पुढं काकांनी धने रगडून टाकले तेव्हा कोथिंबीर अशी उठली की गल्लीतली पोरं पाहायला आली. पुढच्या वर्षी तिनं विटा काढून टाकल्या आणि म्हणाली, "कोथमीर तुमाले. तिले शिस्त मानवते." तेव्हापासून त्या घरात बोलायला एक विषय झाला.

त्यानंतरच्या आश्विनात एका पहाटे मावशी नळाजवळ पडली. काकांची हाक ऐकून मी धावले. ती उताणी पडली होती, डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात कोणा दुसऱ्याचा असावा तसा बाजूला पडला होता. कोणाची तरी जीप मिळाली. वाशीम, तिथून अकोला. माझा नवरा तिथं असल्यामुळं थोडीफार धावपळ त्यानं केली. दिवाळी मावशी-काकांनी दवाखान्यातच काढली.

घरी आणलं तेव्हा ती जिवंत होती एवढंच. लकव्यानं उजवं अंग गेलं होतं आणि बोलणंही. समजत सगळं होतं. डॉक्टरांनी हाताच्या व्यायामासाठी रबराचा चेंडू दिला होता, तो तिनं डाव्या हातानं उचलून भिंतीवर फेकला. मागच्या दाराकडे पाठ करून झोपायची. काका भाकर दुधात कुस्करून भरवायचे, दोन घासांनंतर ती तोंड फिरवायची. भाची येऊन राहिली, परत गेली. बायका भेटायला येत आणि तिच्या देखतच हळहळत, "कशी बडबड बडबड बोले व माय!" ती डोळे मिटून घ्यायची. मी शाळेतून आल्यावर तिच्याजवळ बसायचे. एकदा म्हटलं, "मावशी, माझ्या दारची चुक्याची भाजी छान आलीय," तर तिच्या डोळ्यांतून पाणी गळून उशीवर गेलं. पुन्हा मी भाजीचं नाव काढलं नाही.

वाफा तसाच पडून होता. काळ्या मातीला भेगा पडल्या. कार्तिक संपत आला, मंदिराच्या बाजूच्या घरांतून कोणी मेथी मागायला आलं नाही. ते न येणं काकांना लागलं असावं. एका रविवारी सकाळी ते उठले, कुदळ घेतली आणि वाफा खणला. फळीवरच्या डब्यातून मेथ्या काढल्या. मग मी मावशीजवळ बसले होते तिथं येऊन म्हणाले, "मॅडम, हात लावा जरा. बाज मांगच्या दारात घिऊ."

"त्यांना आवडेल का, काका?"

"नाई आवडलं तं चिडन," ते म्हणाले. "चिडली तरी चालते."

आम्ही बाज सरकवली. मावशीनं डोळे घट्ट मिटून घेतले. काका वाफ्यात उतरले, चपलांसकट. मूठभर मेथ्या घेतल्या आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तशा टाकू लागले. एक मूठ इथं, एक मूठ तिथं. मेथ्या मातीवर पडल्याचा आवाज झाला असेल. मी पाण्याची बादली धरून उभी होते, म्हणून मला दिसलं की मावशीनं डोळे उघडलेत.

ती पाहत होती. तिचे ओठ हलायला लागले. गळ्यातून घरघर आली. काकांचं लक्ष नव्हतं, ते तिसरी मूठ भरत होते.

"द..." मावशी म्हणाली. "द..."

काका वळले.

"दाट!"

ते तसेच उभे राहिले. "काय म्हन्लं?"

"दाट!" मावशी म्हणाली. मान थरथरत होती, चेहरा रागानं लाल झाला होता.

"मॅडम, आयकलं का?" काका म्हणाले. "तुमी आयकलं ना?" तो सहा फुटी माणूस मटकन वाफ्यातच बसला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला.

मावशीनं डावा हात बाजेवरून उचलला. बोट त्यांच्याकडे रोखलं. ते पेरलेल्या मेथ्यांवर बसले होते.

"ऊठ!"

काकांनी हात बाजूला केला. गाल ओले, मिशीला माती. "एवढ्या वर्सात," ते म्हणाले, "एवढ्या वर्सात पहिल्यांदा मले एकेरी बोलली. बोल. आनखी बोल. शिव्या दे."

शिव्या तिनं दिल्या, पण त्या पुढं, महिन्याभरानं, तोंड मोकळं होत गेलं तेव्हा. त्या दिवशी ‘दाट’ आणि ‘ऊठ’ एवढ्या दोनच शब्दांवर गल्ली जेवली. दुपारी तिनं अर्धी भाकर खाल्ली.

काकांची ती मेथी गोंधळ माजवत उगवली. कुठं गचपण, कुठं टक्कल. मावशी बाजेवरून ती पाहायची आणि नाक मुरडायची. मग एक दिवस तिनं पितळी वाटी मागितली. काकांना वाटलं, पाणी हवं. ती मान हलवत राहिली. शेवटी बोट चुलीकडे गेलं, मग डब्याकडे. राख आणि बी. काका वाटी घेऊन आले. तिनं डाव्या हाताची तीन बोटं वाटीत बुडवली आणि मनगट हलवलं. सगळी चिमूट एका जागी, तिच्याच मांडीवर पडली. तिनं वाटी उलथून टाकली. त्या दिवशी ती मोठ्यानं रडली. लकव्यानंतर तिच्या रडण्याला पहिल्यांदाच आवाज फुटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी ओट्यावर काळी घोंगडी अंथरली, तिला धरून बसवलं आणि वाटीत रवा दिला. "बी वाया जाते ना?" ते म्हणाले. "मंग ह्याच्यावर शिक. पडलं कसं थे दिसते तरी." काळ्या घोंगडीवर पांढरा रवा कुठं ढीग झाला, कुठं विखुरला हे स्वच्छ दिसायचं. ती चिमूट उचलायची, टाकायची, पाहायची. काका घोंगडी झटकायचे, रवा चाळून परत वाटीत भरायचे. पुन्हा. येणारेजाणारे थांबून पाहायचे. कोणी म्हणालं, "मावशी, ह्या वयात काहून तरास घेता? काका टाकतीन ना." मावशीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तुटक्या तुटक्या शब्दांत म्हणाली, "त्याईचं... दाट... होते." काका हसून म्हणाले, "खरं हाये."

मी शाळेत जाताना ती ओट्यावर असायची, येताना असायची. कधी संतापून घोंगडीवर चापट मारायची. कधी एखादी चिमूट बरी पडली की आजूबाजूला पाहायची, कोणी पाहिलं का म्हणून. मी पाहिलेलं असायचं, पण चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाही. कौतुक केलेलं तिला खपत नसे. 

संक्रांतीच्या सुमारास ती वाफ्यात उतरली. उभं राहून मागं सरकत पेरणं आता शक्य नव्हतं. पाटावर बसून, काकांनी पाट ओढायचा, तिनं पेरायचं, असं चाललं. उगवलं तेव्हा पूर्वीसारखं एकसारखं नव्हतं. लाट आल्यासारखं एका अंगाला जास्त, दुसऱ्या अंगाला कमी. तिनं ते पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग विरळणीला बसली. त्या वर्षी मंदिरापलीकडच्या एका बाईंनी जुडी हातात घेऊन सहज विचारलं, "मावशी, औंदाची मेथी जरा बारीक-मोठी आहे, नाही?"

"डाव्या हाताची हाये," मावशी म्हणाली. "उजव्याचं उजवा जाने."

पुढं तिचं बोलणं बरंचसं परत आलं, अडखळत, पण पूर्वीइतकंच तिखट. उजवा हात आला नाही. तो ती पदरात गुंडाळून मांडीवर ठेवायची. पाय ओढत, काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायची. काकांना ‘तुमी’ म्हणणं मात्र पुन्हा सुरू झालं. काका याबद्दल माझ्याकडे तक्रार करायचे.

माझी बदली वाशीमला झाली ती उन्हाळ्यात. जायच्या दिवशी सकाळीच टेंपो आला. सामान चढलं, आणि मी निरोप घ्यायला मावशीच्या मागच्या दाराशी गेले. तिथं कोणी पाहुणे होते. बाहेर जीप उभी होती, ती किन्हीराजाहून आली होती. एक शेतकरी गडी, त्याची चाळिशीतली बायको. तिचाही उजवा हात लोंबत होता, तोंड वाकडं. काकांना हा माणूस बसस्टँडवर भेटला होता, त्याचं रडगाणं ऐकून त्यांनीच या म्हणून सांगितलं होतं.

सावलीला दोन पाट होते. एकावर मावशी, शेजारच्या पाटावर ती बाई. समोर तांदुळज्यासाठी ओलवून ठेवलेला वाफा.

"नाव काय तुवं?" मावशीनं विचारलं.

बाईनं मान फिरवली. नवरा पुढं झाला, "रुक्मा हाये, मावशी. तिले आता बोलता..."

"तुमाले नाई इचारलं," मावशी म्हणाली. "थे सांगन. मले काई घाई नाई."

चिमण्या वाफ्याच्या कडेला उतरल्या आणि उडून गेल्या. बाईचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले.

"रु..." ती म्हणाली.

"हं," मावशी म्हणाली, जणू पूर्ण नाव कळलं. राखेत कालवलेलं बी असलेली वाटी तिनं डाव्या हातानं उचलली आणि त्या बाईच्या डाव्या हाताजवळ नेली. बाईनं बोटं घातली, उचलली, हात पुढं केला. सगळं बी एका जागी ढिगासारखं पडलं. तिनं हात आखडून घेतला आणि तोंड पदरात लपवलं.

"घे," मावशी म्हणाली. "आनखी घे. बी लय हाये."

बाईनं हळूहळू पदर खाली केला. दुसरी चिमूट उचलली. या वेळी हात भलतीकडेच गेला, आणि राख आणि बी मावशीच्या लुगड्यावर, पदरावर, केसांवर उडालं. तिचा नवरा घाबरून पुढं झाला. मावशीनं काठी आडवी धरून त्याला थांबवलं. अंगावरचं बी तिनं झटकलं नाही.

मी हाक मारली नाही. टेंपोचा हॉर्न वाजला तेव्हा ती वाटी तिसऱ्यांदा पुढं करत होती.